"कशावरून?" म्हणणाऱ्या कुंदा सिस्टर

गल्लीत सर्दी-खोकल्याची साथ आली, तेव्हा कुंदा सिस्टरांनी डाव्या हाताच्या घरांना हळदीचं दूध पाजलं आणि उजव्या हाताच्या घरांना नुसतं. कोण लवकर बरं होतं ते त्यांना बघायचं होतं. आम्ही उजवीकडचे. आईनं स्वतःच्या दुधात गुपचूप हळद घातली. प्रयोग नासला म्हणून सिस्टर कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

अंबाजोगाईत नर्सिंग शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि आमच्या शेजारी एकट्याच राहायला आल्या. त्यांचा आवडता शब्द एकच, "कशावरून?" भाजीवाली म्हणाली, मेथी ताजी हाय, तरी हेच.

मग आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, लकवा झाला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा, बोलणं अडखळत, घास नीट गिळता येत नव्हता. मी रात्रंदिवस त्यांच्या छातीकडं बघत बसायचो, वरखाली होतेय ना म्हणून.

गावाकडनं, युसूफ वडगावहून, मामा आले ते पिशवीत कबूतर घेऊनच.

"ह्याच्या रक्तानं मालिश केली की लकवा जातो. लई गुणकारी हाय."

"कशावरून?" सिस्टर दारातूनच.

"आमच्या गावात एकजण बरा झालता की!"

"मालिश न करता बरे झालेले किती? मोजले का?"

"आता ते कोण मोजीत बसलंय, बाई!"

सिस्टरांनी पिशवीचं तोंड सोडलं. कबूतर समोरच्या पत्र्यावर जाऊन बसलं. मामा दुपारपर्यंत धुसफुसत होते.

संध्याकाळी अण्णांनी पाणी मागितलं. मामांनी मायेनं, अण्णांना न उठवताच, तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. अण्णांना जोरात ठसका लागला. डोळे पांढरे झाले, चेहरा काळानिळा पडला. मी सिस्टरांच्या नावानं ओरडलो.

त्या पिठाच्या हातांनी धावत आल्या. अण्णांना उठवून बसवलं, पुढं वाकवलं. "खोका अण्णा, खोका. घाबरायचं नाही." बऱ्याच वेळानं श्वास सुरळीत झाला.

मामा भिंतीला टेकून रडत होते. "मी जीवच घेतला असता की हो दाजींचा."

आता सिस्टर मामांना सोलणार, असं मला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हात धुऊन या. कसं भरवायचं ते दाखवते."

पाणी फुप्फुसात गेलं असेल तर ताप चढेल, लक्ष ठेवा, असंही त्यांनी बजावलं. पुढचे दिवस आम्ही सगळेच धास्तीत होतो. सिस्टर सकाळ-संध्याकाळ येऊन ताप बघायच्या, श्वास मोजायच्या, कूस बदलून द्यायच्या, पडून पडून टाचा लाल झाल्यात का तपासायच्या. मामा अण्णांना ताठ बसवून चमचा-चमचा दाट पेज भरवायचे. ताप आला नाही.

हळूहळू अण्णा काठी टेकत ओसरीपर्यंत येऊ लागले. सिस्टरांचं येणं मात्र चालूच होतं.

एक दिवस आई म्हणाली, "सिस्टर, आता ते बरे हायेत. तुमी रोज कावून तरास घेता?"

सिस्टर जायला उठल्या होत्या. दाराशी थांबल्या.

"वहिनी, तुमच्याकडं मी काही बोलले की कुणीतरी वाद घालतं. माझ्या घरात मी म्हणेन तेच खरं असतं."

 आई चुलीकडं वळून सहज म्हणाली, "बाकी काही म्हणा, लसूण खाल्ला की बीपीच्या गोळीची गरजच न्हाई."

सिस्टरांनी चप्पल पुन्हा काढली आणि सरसावून बसल्या.