रामटेकेजींची हिंगणा सिंफनी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे सुधाकर रामटेके मध्येच वाजलेली टाळी खपवून घेत नाहीत. टाळीला त्यांचा विरोध नाही, पण ती सगळं संपल्यावर पडली पाहिजे. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत गोखल्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलाने मुलीला अंगठी घातली, हॉलभर टाळ्या सुरू झाल्या आणि पहिल्या रांगेतले रामटेकेजी उठून मागे वळले. दोन्ही हात वर करून म्हणाले, "थांबा जी. एकच झाली. दुसरी अंगठी राह्यली ना अजून." लोक थांबले. मग मुलीने मुलाला अंगठी घातली ती इतक्या शांततेत, की फोटोग्राफरलाही आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं. त्यानंतर गोखलेवहिनी बरेच दिवस लिफ्टमध्ये रामटेकेजींकडे पाठ करून उभ्या राहत.

"मधात टाळी नाही" हे त्यांचं ब्रीद. त्यांचं म्हणणं असं की, मोठं संगीत तीन-चार भागांत असतं. एक भाग संपला की वाजवणारा जरा श्वास घेतो, आणि आपण नेमक्या त्या श्वासावर टाळ्या हाणतो. हे ते कुणालाही समजावून सांगतात. भाजीवाल्याला सांगितलं तेव्हा तो बिचारा मेथी निवडून होईस्तोवर मान डोलवत होता. अशा माणसाला दर्दी म्हणावं की त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं म्हणावं, यावर मनीषनगरात दोन मतं आहेत. माझी दोन्ही आहेत.

रामटेकेजींची सगळी नोकरी हिंगण्याच्या एका कारखान्यात, लोखंडी पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर गेली. तिथे एकदा नवीन मशीन बसवायला जर्मनीचा एक इंजिनिअर आला आणि उन्हाळाभर राहिला. नागपूरचा उन्हाळा काढला म्हणजे माणूस चिवटच असणार. त्याच्या मदतीला रामटेकेजींना दिलं होतं. या इंजिनिअरचा मामा त्यांच्या गावच्या ऑपेरा हाऊसमध्ये व्हायोलिन वाजवायचा. जेवणाच्या सुट्टीत इंजिनिअर कॅसेट लावायचा आणि मोडक्या इंग्रजीत त्या वाद्यवृंदाचा इतिहास सांगायचा, रामटेकेजी तो मोडक्या हिंदीत समजून घ्यायचे. असा दोनदा मोडलेला इतिहास आता ते आम्हाला ऐकवतात.

तो इतिहास असा. ऑपेरा हाऊसमध्ये गाणारे वर रंगमंचावर आणि वाजवणारे खाली खड्ड्यात. लोकांना त्यांची दिसली तर टकलं दिसायची. आधी मूठभरच होते. मग कोणी बासऱ्या आणल्या, कोणी पितळी तुताऱ्या आणल्या, कोणी नगारे आणले, आणि खड्डा पुरेना. एका वर्षी ऐन वेळी गायक आजारी पडला. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. तेव्हा वाजवणारे आपापल्या खुर्च्या उचलून वर आले, लोकांसमोर बसले आणि नुसतं वाजवलं, कोणाच्या गाण्यामागे नाही. "खड्ड्यातून वर आले जी, काळेभाऊ. तिथून सिंफनी सुरू झाली." हा गायक कधी आजारी असतो, कधी मॅनेजरशी भांडून पळालेला असतो, एकदा तर वारलेलाही होता. खरं काय ते त्या मामालाच ठाऊक. पण खुर्च्या उचलून वर येण्याची जागा आली की रामटेकेजींचा आवाज मऊ होतो. तेवढ्यासाठी मी ती गोष्ट दर वेळी ऐकून घेतो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सिंफनी काढली. लोक भिशी काढतात तशी. सोसायटीच्या फलकावर 'ऑर्केस्ट्रासाठी वादक हवेत' असं लिहिलं तर सगळे जण जुन्या सिनेमातली गाणी म्हणायला आले. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. उरलो तिघे. व्हायोलिनवर स्वतः रामटेकेजी, दुसऱ्या व्हायोलिनवर अय्यर मॅडम, आणि तिसरा मी. अय्यर मॅडम दक्षिणी पद्धतीने शिकलेल्या, त्या मांडी घालून जमिनीवर बसूनच वाजवणार. रामटेकेजी खुर्चीवर अडून बसले. "सिंफनी खुर्चीवरच बसते जी." शेवटी एक दिवाण आणला, त्यावर मॅडम मांडी घालून बसल्या आणि दोघांचंही राहिलं. मला कोणतंच वाद्य येत नाही म्हणून एक लोखंडी त्रिकोण दिला. तो एका दोरीला टांगायचा आणि सांगितल्यावर एकदाच वाजवायचा. मी सरकारी नोकरीत होतो, त्यामुळे हे मला जमलं.

पुढे सदरच्या चर्चमध्ये वाजवणारे दोघे आले, त्यांच्या ओळखीने आणखी काही आले. मग रामटेकेजींनी व्हायोलिन खाली ठेवलं आणि सगळ्यांना समोरून इशारे द्यायला हातात काडी घेतली. गच्चीवरच्या तालमीला सोसायटीने हरकत घेतली तेव्हा जवळच्या बुद्धविहाराचा हॉल दर शनिवारी सकाळी मिळाला. पण पितळ, म्हणजे ट्रम्पेट-भोंगे, नव्हतं, आणि पितळाशिवाय सिंफनी म्हणजे फोडणीशिवाय वरण. पितळ होतं रामटेकेजींच्या घरातच. त्यांचे मोठे भाऊ गुलाब मास्तर पाचपावलीला राहतात, आणि लग्नाच्या वरातीत वाजवणारा त्यांचा बँड जुना आहे. वडील लवकर गेले. मास्तरांनी क्लॅरिनेट फुंकून धाकट्याला आयटीआय शिकवलं आणि स्वतःच्या वाद्याला हात लावू दिला नाही. "तू मशीन चालव, रस्त्यानं मी चालतो," असं तेव्हा म्हणाले होते म्हणे.

रामटेकेजींना सिंफनीतून काय हवं होतं हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं. दादांनी एकदा तरी लोकांसमोर, खुर्चीवर बसून वाजवावं. त्यासाठी पहिल्या ओळीत एक खुर्ची तीन वर्षं रिकामी होती. तिच्यावर कोणी पिशवी ठेवली तरी ते उचलून खाली ठेवत. घाईही होती, कारण मास्तरांचा दमा वाढला होता आणि डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं होतं. मास्तरांनी ते कमी केलं, बंद केलं नाही. रामटेकेजी दर आठवड्याला पाचपावलीला जायचे, विचारायचे, आणि तेच उत्तर घेऊन यायचे. एकदा मी बरोबर होतो तेव्हा ते ऐकलं. मास्तर म्हणाले, "बसून कायले वाजवू गा? मी का बिमार हाव?"

मात्र पावसाळ्यात लग्नं थांबली तेव्हा त्यांनी आपली चार माणसं पाठवली, दोन ट्रम्पेटवाले, एक मोठ्या भोंग्याचा आणि एक ढोलवाला. माणसं कसलेली होती, फक्त बसून वाजवायची सवय नव्हती. सूर लागला की त्यांचे पाय चालू लागत आणि पायांबरोबर खुर्च्या. एक चाल वाजून होईपर्यंत थोरला ट्रम्पेटवाला अय्यर मॅडमच्या दिवाणाला येऊन टेकलेला असे. रामटेकेजींनी खुर्च्यांचे पाय सुतळीने एकमेकींना बांधले. मग चौघेही एकदमच सरकू लागले.

वाजवायला त्यांनी स्वतःच रचना केली होती, 'हिंगणा सिंफनी'. पहिला भाग सकाळची पाळी, दुसरा जेवणाची सुट्टी, तिसरा घरी परत. पहिल्या भागात प्रेस मशीनचा ठेका होता. दुसरा भाग संथ होता, त्यात म्हणे लोक डबे उघडून राहिले आहेत. तिसऱ्या भागात पितळ मोठ्याने येई आणि वरातीसारखी एक चाल धरी, त्या चालीत माझा त्रिकोण एकदा वाजे. ते का आणि कशासाठी हे मी विचारलं नाही. हाताखालच्या माणसाने विचारू नये.

कार्यक्रम एका रविवारी सकाळी धरमपेठेतल्या एका छोट्या सभागृहात झाला. रामटेकेजींच्या कारखान्यातले जुने लोक आले, विहारातले आले, गोखलेवहिनीसुद्धा आल्या. सगळ्यांनी हात मांडीवर ठेवले होते, न जाणो चुकून टाळी वाजायची. मी रंगमंचावर वादकांच्या सगळ्यात मागे उभा होतो, त्यामुळे मला समोरचं दार दिसत होतं. दुसरा भाग चालू असताना गुलाब मास्तर आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि हात रिकामे. कोणी तरी खुर्ची दाखवली, त्यांनी मान हलवली आणि दाराशीच उभे राहिले. मला वाईट वाटलं. रामटेकेजींची पाठ दाराकडे होती, त्यांना काहीच कळलं नव्हतं.

तिसरा भाग बरा चालला होता. शेवट आला, रामटेकेजींची काडी खाली आली, व्हायोलिनं थांबली. पितळ थांबलं नाही. चौघांनी ती वरातीची चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. तालमीत असं कधी झालं नव्हतं. रामटेकेजींनी काडी दोनदा आपटली, पण त्यांच्याकडे कोणी पाहतच नव्हतं, चौघांचे डोळे दाराकडे होते. वरातीत चाल संपली म्हणून बँड थांबत नसतो. नवरदेव मांडवाशी पोहोचेपर्यंत तीच ती चाल फिरत राहते आणि मास्तरांनी हात वर केला की थांबते. तालमीला मास्तर नव्हते म्हणून काडी चालली. आता मास्तर समोर उभे होते आणि त्यांचा हात खालीच होता.

रामटेकेजी वळले आणि त्यांनी भावाला पाहिलं. आता हे चिडणार, असं मला वाटलं. पण मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर कोणी चिडलं नसतं. ते ऐकत होते. जन्मभर ते या बँडच्या आत चालले होते, समोर उभं राहून तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. हात वर करायचं त्यांना सुचत नव्हतं, की करायचं नव्हतं, देव जाणे.

रामटेकेजी पुन्हा आमच्याकडे वळले, अय्यर मॅडमना खूण केली आणि काडी उचलली. व्हायोलिनं पितळात मिसळली. चाल फिरत राहिली, दर फेरीला माझा त्रिकोण येत राहिला, आणि वर्षभरात वाजवलं नसेल तेवढं मी त्या सकाळी वाजवलं. सुतळी बांधलेल्या खुर्च्या पार रंगमंचाच्या कडेपर्यंत आल्या होत्या. तेव्हा मास्तरांनी हात वर केला, खांद्याएवढाच, आणि सगळे एका क्षणात थांबले. इतकं स्वच्छ थांबणं आम्हाला तालमीत कधी साधलं नव्हतं.

टाळ्या पडल्या. त्या घ्यायला रामटेकेजी वळून उभे राहिले नाहीत. काडी खाली ठेवून ते पायऱ्या उतरले आणि सरळ दाराशी गेले. भावाला हाताला धरून त्यांनी पहिल्या रांगेत बसवलं. मागे चहा-समोसे होते, भावाची बशी स्वतः भरून आणली. लोक हात मिळवायला येत होते, त्यांना "आलोच जी" म्हणत ते पुन्हा पाणी आणायला गेले.

"मी घेतो गा माह्या हातानं," मास्तर म्हणाले, "तू लोकायले भेट."

"लोक रोजच भेटतेत. तुमी बसा," रामटेकेजी म्हणाले.

मी शेजारी चहा घेऊन उभा होतो. मास्तर माझ्याकडे वळले. "याच्या लग्नात मी नव्हतो जी, काळेभाऊ. त्या दिवशी कामठीले आमचा बाजा होता. याच्या पोरीच्या लग्नालेबी नव्हतो. घरचं लगन आन् बाहेरचं लगन एकाच मोसमात येते, का करता? बाहेरचा बयाना घेतलेला राहे."  रामटेकेजी कपातला गरम चहा बशीत ओतून निववत होते. तीन वर्षं मी या माणसाच्या वेडाला हसत आलो होतो, त्या वेळी मला हसू आलं नाही.

मास्तरांनी रंगमंचावरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऐक गा. पुढच्या बारी मी बाजा घेऊन येतो. बसतो तुह्या त्या खुर्चीवर. जमंल तेवढं वाजवतो."

मी रामटेकेजींकडे पाहिलं. याच एका वाक्यासाठी त्यांनी पाचपावलीच्या खेपा घातल्या होत्या.

"नको दादा," ते म्हणाले, "तुमी नुसते या." आणि निवलेली बशी त्यांनी भावाच्या हातात दिली.