पहिला नंबर आणि पेपर प्लेट्स

"हे बघ नंदू, माझं एकच मागणं आहे. पेपर प्लेट्स घे," प्रतिमा म्हणाली. "बाकी काही नको. फक्त पेपर प्लेट्स."

अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या मंडळात भीमजयंतीला तिचं भाषण होतं. इतकी वर्षं ती हॉलच्या मागच्या बाजूला वरण वाढत आली होती; यंदा पहिल्यांदा माइक तिच्या हातात येणार होता. तयारीला आदला शनिवार तिला अख्खा मोकळा हवा होता. आणि पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येक घरानं काहीतरी करून आणायच्या जेवणात, पेपर प्लेट्स आणणाऱ्याचा शनिवार मोकळा, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. दुकानात जायचं, प्लेट्स उचलायच्या, गाडीत टाकायच्या. म्हणून तर त्यांच्यावरून दर वर्षी वादावादी व्हायची.

यंदा ती मिटवायला प्रतिमाचा नवरा पुढे सरसावला, म्हणजे हाच नंदू. डेटा सायंटिस्ट माणूस. ऑफिसातले सगळे बर्फावरच्या हॉकीचे वेडे, म्हणून हाही वेडा. स्वतः एकदाच रिंकवर उतरला होता, तोही भिंत धरून. त्या हॉकीत दर वर्षी टीम्स नंबर लावून नवी पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. निवडीचे हे नंबर टीम्स आपसांत बदलूनही घेतात. तर कुठल्या नंबराची खरी किंमत किती, याचा नंदूनं एक चार्ट बनवला होता. पहिला नंबर शंभर, तिसरा साठ, पुढे नुसती घसरगुंडी, आणि शेवटचा आपला नावाला. "लोक पहिल्या नंबराला उगाच डोक्यावर घेतात. एक देऊन तीन घ्यावेत!" हे तो घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचा. त्यामुळे त्यांच्याकडे आलेले पाहुणे चहा फार भरभर प्यायचे.

तर नंदूनं सुचवलं, कुणी काय आणायचं याचाही ड्राफ्ट करू, नंबर लागेल तसं ज्यानं त्यानं निवडावं. सगळ्यांना पटलं. प्रतिमा ऑफिसात असताना झूमवर मंडळाच्या सुवर्णामावशींनी डब्यातून चिठ्ठ्या काढल्या आणि पहिली चिठ्ठी निघाली नंदूची.

"नशीब काढलंस रे बाबा! बोल, काय घेतोस?" मावशी म्हणाल्या.

नंदू तोंड उघडणार, इतक्यात राकेश मध्ये पडला. हा दोन गल्ल्या सोडून राहायचा. घरात भाड्यानं एमएस करणारी दोन पोरं, आणि तिघांत मिळून कुणाला साधा कुकर लावता यायचा नाही.

"यार नंदू, ट्रेड कर ना! तुझा पहिला मला दे, आमचे तिघांचे तीन तू घे. तिसरा, सहावा आणि शेवटचा."

नंदूनं चार्ट उघडला. साठ, चाळीस, दहा. शंभर देऊन एकशे दहा येत होते! एवढं मूर्ख गिऱ्हाईक पुन्हा भेटणार नव्हतं.

"डन!" तो ओरडला.

राकेशनं पेपर प्लेट्स घेतल्या. म्हणजे आता तीन धडधाकट पुरुष मिळून प्लेट्स उचलून आणणार होते. दुसरा नंबर पाण्याच्या बाटल्या घेऊन मोकळा झाला. तिसऱ्याला कोशिंबीर शिल्लक होती. कुणाही शहाण्यानं तीच घेतली असती. पण नंदू अजून हॉकीतच होता. उरलेल्यांतला सगळ्यात दमदार गडी उचलायचा, हा तिथला नियम. त्यानं भरली वांगी उचलली. सहाव्याला खीर. शेवटच्या नंबराला निवड अशी नसतेच, उरेल ते पदरात पडतं. उरली होती ज्वारीची भाकरी, ऐंशी माणसांची. झूमवर भराभर कॅमेरे बंद झाले, कारण कुणाला हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी प्रतिमा घरात शिरली ती विचारतच. "मिळाल्या?"

"त्याहून भारी! ट्रेड केला. टोटल व्हॅल्यू दहानं वाढवली," नंदू म्हणाला आणि त्यानं तिन्ही पदार्थांची नावं अभिमानानं सांगितली.

सोफ्यावरून त्यांची लेक अस्मिता म्हणाली, "बाबा, यू जस्ट ट्रेडेड फॉर मोअर होमवर्क."

नंदू चार्टकडे बघत राहिला. हॉकीत जास्त नंबर म्हणजे जास्त खेळाडू. इथे जास्त नंबर म्हणजे जास्त काम. अरे देवा! चार्टात काडीची चूक नव्हती, यानं तो उलटा धरला होता.

प्रतिमा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "शनिवारी मी परातीला हात लावणार नाही. तुझे एकशे दहा तूच निस्तर."

शनिवारी ती गराजमध्ये गाडीत जाऊन बसली, काचा वर केल्या आणि स्टिअरिंगसमोर भाषण म्हणायला लागली. इकडे नंदूची पहिली भाकरी हाताला चिकटली, दुसरी तव्यावर जाताना फाटली. तिसरी घेऊन तो गराजमध्ये गेला. काच बोटभर खाली आली.

"पीठ गरम पाण्यात मळ," आतून आवाज आला, आणि काच वर गेली.

पुढच्या भाकरीला "कडा पातळ कर" एवढंच मिळालं. मग मात्र नंदू पेटला. पाणी जरा जास्त गरम, जरा कमी, असं बदलत प्रयोग करायला लागला. शेवटी पोटापाण्याचा धंदाच तो. दुपारी कधीतरी एक भाकरी टम्म फुगली. "फुगली! अगं, फुगली!" तो नाचायला लागला आणि धुराचा अलार्मही त्याच्या सुरात सूर मिसळून कोकलला. बंद काचांत प्रतिमाला यातलं काही ऐकू आलं नाही. तिचं भाषण त्याच वेळी पहिल्यांदा न अडखळता पूर्ण झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती खरोखर सुंदर बोलली. तिच्या आजीनं शाळेच्या खिडकीबाहेर उभं राहून मातीत अक्षरं कशी गिरवली, ते तिनं सांगितलं. सुवर्णामावशींनी डोळे पुसले. मग जेवणाचे डबे उघडले.

"प्रतिमा, भाषण छान झालं हं. अगं पण भाकरी कुणी केली?"

"नंदूनं."

"काय सांगतेस! हातावरची?"

जो तो हेच विचारत होता. वांगी जहाल तिखट होती, खीर तळाला लागली होती, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नंदूभोवती घोळका जमला आणि तो पाण्याचं तापमान समजावायला लागला. प्रतिमा पुन्हा मागच्या बाजूला उभी राहून वरण वाढत होती. तिला रडावंसं वाटलं. तेवढ्यात राकेश ताट घेऊन आला.

"वहिनी, मघाशी तुम्हीपण काहीतरी बोललात ना?"

तिनं हसून त्याला वरण वाढलं आणि त्याचं ते वाक्य मनात ठेवलं.

पुढच्या वर्षी मावशींनी भाषण पुन्हा तिच्यावरच सोपवलं. ड्राफ्टला ती या वेळी नंदूशेजारी लॅपटॉपसमोर बसली. चिठ्ठ्या निघाल्या. पहिला नंबर राकेशचा, शेवटचा यांचा.

"वहिनी, एक डील," राकेश म्हणाला. "यंदा भाकरीचं क्रेडिट आम्हाला हवंय. तुमचा शेवटचा नंबर आणि शनिवारी नंदू आमच्याकडे द्या, आमचा पहिला नंबर तुम्ही घ्या."

"एक मिनिट, मी चार्टमध्ये बघतो, माझी किंमत—" नंदू म्हणाला.

"डन," प्रतिमा म्हणाली.

नंदूचा चेहरा पडला. "अगं, निदान माझ्या बदल्यात तीन तरी मागायचेस!"

"बोल प्रतिमा, काय घेतेस?" सुवर्णामावशींनी विचारलं.

"पेपर प्लेट्स," ती म्हणाली, आणि राकेशकडे पाठवायला परात काढून ठेवली.