विश्रांतीचा वर्ग

"चर्चमधलं एक तरी काम सोडा," मास्तरांच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि रात्रीचं जेवण घरी, बायकोसमोर बसून, गरम. नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही येणार नाही, तुम्हाला आणावं लागेल."

बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती. जिना उतरताना तिने एवढंच म्हटलं, "रोज तुमचं ताट झाकून ठेवते. वाटतं, तुम्ही गेल्यावरही हाताची ही सवय जायची नाही."

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, चर्चमधून नव्हे. गायकवृंद त्यांच्याकडे, मुलांची रविवारची शाळा त्यांच्याकडे, गळक्या छताची डागडुजीही त्यांच्याकडेच. 'नाही' हा शब्द त्यांच्या घशापर्यंत यायचा आणि 'बघतो' होऊन बाहेर पडायचा.

त्याच संध्याकाळी ते गायकवृंद सोडायला पाळकसाहेबांकडे गेले. साहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मास्तर, देवाने दिलेलं शरीर सांभाळणं हीसुद्धा सेवाच. हे सगळ्या मंडळीने ऐकायला हवं. संतुलित जीवनाचा एक वर्ग सुरू करू. तुम्हीच घ्या."

"मी गायकवृंद सोडायला आलो होतो."

"मग तोच मुद्दा तिथे मांडा."

"बघतो," मास्तर म्हणाले.

घरी बायकोने विचारलं, "सोडलं?"

"एक वर्ग वाढला."

"कसला?"

"विश्रांतीचा."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. फार जपून, आवाज न करता.

मास्तर शिकवायचे मात्र उत्तम. फळ्यावर त्यांनी तराजू काढला. एका पारड्यात काम, दुसऱ्यात झोप, जेवण आणि घरची माणसं. "प्रभूसुद्धा गर्दी सोडून एकटा डोंगरावर जायचा," ते म्हणाले, "आणि गर्दी काही संपलेली नसायची." मग जोड्या लावून सराव घेतला. एकाने काम सांगायचं, दुसऱ्याने नकार द्यायचा. कारण द्यायचं नाही. ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींना पहिल्यांदा रडू आलं, नंतर त्यांचे नकार थांबवणं कठीण गेलं. शेवटच्या बाकावर मास्तरांची बायको झाडलोट करणाऱ्या काकांबरोबर मन लावून सराव करत होती. मास्तरांना बरं वाटलं.

रविवारी आभाळ राखाडी होतं. चर्चचं दार बंद आणि पायरीवर पाचोळा. मास्तरांनी काकांना फोन लावला.

"आज नाही येत," काका म्हणाले.

"बरं नाही का?"

"मास्तर, कारण विचारू नका. तुम्हीच शिकवलंय."

मावशीही तेच म्हणाल्या, फक्त जास्त गोड आवाजात. मास्तर झाडू घेतात तोवर पाळकसाहेबांचाच फोन आला. "तुमचा वर्ग मला फार लागू पडला हो. मी डोंगरावर निघालोय. उपदेश तेवढा..."

"बघतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी झाडलं, घंटा वाजवली, ऑर्गनवर उजव्या हाताने जमेल ते वाजवलं. गायकवृंदातलं कुणीच नव्हतं, म्हणून गायलेही तेच. मग धापा टाकत व्यासपीठावर चढून विश्रांतीवर बोलले. समोरच्या चार म्हाताऱ्यांपैकी दोघींनी ती तिथल्या तिथे घेतली. संध्याकाळची उपासनाही त्यांच्याच गळ्यात पडली.

घरी पोहोचले तेव्हा कानशिलं ठणकत होती. टेबलावर त्यांचं ताट धुऊन उपडं घातलेलं होतं.

"माझं जेवण?"

"मी जेवले. आज झाकून नाही ठेवलं."

"का?"

"कारण द्यायचं नाही."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. त्या उपड्या ताटाकडे त्यांना बघवेना. तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला.

"मास्तर, उद्या छताचा गवंडी येतोय, तेवढं सकाळी..."

"नाही," मास्तर म्हणाले.

बायकोने वळून पाहिलं. तिचा हात शेगडीच्या बटणाकडे गेला. पलीकडून पाळकसाहेबांचा भारावलेला आवाज आला.

"वा मास्तर. किती ठाम. अहो, हे शेजारच्या चर्चच्या मंडळीलाही शिकवायला हवं. बुधवारी जाल?"

मास्तरांच्या घशात तो जुना 'बघतो' येऊन बसला. बटणावरचा हात थांबला होता. मास्तरांनी फोन बंद केला आणि टेबलावर पालथा घातला.

"नाही म्हणालात?"

"काहीच नाही म्हणालो."

"तेवढंही पुरे आजच्यापुरतं," ती म्हणाली आणि ताट सुलटं करून तिने शेगडी पेटवली.