बिनचुन्याच्या मनोऱ्याची बखर

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेविले, सरस्वतीस लवून विचारिले, "लिहू का?" ती नाही म्हणाली नाही, म्हणोन लेखणी उचलिली. शके पंधराशे अमुक, पुढील आकडा वाळवीने खादला, संवत्सराचे नावही तीच घेऊन गेली, मास फाल्गुन मात्र शाबूत, ते समयी एके राज्यी एक महाराज राज्य करीत होते. राज्य कोणते हे विचारू नये. नदी होती, डोंगर होता आणि भांडणे पोटापुरती होती. महाराजांचे नाव काय, तेही पुढे येईल, घाई करू नये. त्या राज्याची जुनी चाल ऐसी की नवा राजा गादीवर बसला म्हणजे त्याने चांदीच्या मुठीची छिन्नी हाती घ्यावी आणि मागल्या राजाने जे जे बांधिले त्यावरील त्याचे नाव खोडून तेथे आपले कोरावे. यास नामपालट म्हणत. महाराजांनी स्वतः तरुणपणी वडिलांचे नाव तळ्याच्या घाटावरून, देवळाच्या दारावरून, तबेल्याच्या कमानीवरून मोठ्या हौसेने खोडिले आणि वर पेढे वाटिले. आता केस पिकले, दात हलू लागले, आणि एके दिवशी मुदपाकखान्यावरून जाता पाहतात तो युवराज एका भोपळ्यावर छिन्नी चालवीत बसले आहेत. "हे काय चालिले आहे?" "हात बसवितो, आबासाहेब. आयत्या वेळी आपले नाव वेडेवाकडे खोडिले तर शोभा ती काय?" युवराज मनाचे निर्मळ, आपण काही वावगे बोलिलो हे त्यांस उमगलेच नाही. मग राजवाड्यात भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे भरीत, भोपळ्याचे घारगे, सारे मिटक्या मारीत आहेत आणि महाराजांच्या घशाखाली घास उतरेना. राणीसाहेबांस म्हणाले, "आम्ही गेलो की आमचे काही म्हणता काही उरणार नाही," आणि लहान लेकरागत रडले.

मग रडता रडताच युक्ती सुचली, आणि इतका आनंद जाहला की महाराज पलंगावरून एका पायी उतरले, दुसरा पाय पांघरुणात राहिला आणि आपटले, तरी हसत होते. आज्ञा केली की डोंगरावर गगनचुंबी मनोरा उभारावा, आणि त्याच्या एकूण एक दगडावर, एकूण एक बाजूस, आतल्या, बाहेरच्या, वरच्या, खालच्या, आमचे नाव खोल कोरावे. "खोडा म्हणावे किती खोडता ते!" मग येसबा पाथरवट आणि त्याचा सारा गोतावळा कामास लागला, टाक्यांच्या खणखणाटाने कोंबड्यांस पहाट कळेनाशी जाहली, आणि दगड तयार होऊन चुन्याच्या पाट्या आल्या तो महाराज गरजले, "आमचे नाव चुन्यात बुजविता? चुना परत न्या!" राणीसाहेब बोलिल्या, "अहो, चिखल लिंपल्याशिवाय चूल उभी राहत नाही, आणि हा डोंगराएवढा मनोरा कशाने राहील?" महाराज म्हणाले, "आमच्या नावाने राहील." दरबारी मंडळी "वाहवा" म्हणाली; त्यांस दुसरा शब्द येत नसे. आणि मनोरा उभा राहिला की! वर कावळा बसला तरी डुलत असे, म्हणोन कावळे हाकण्यास स्वतंत्र शिलेदार नेमिले. पुढे वास्तूचा दिवस आला, नदीपार जिलब्यांची पंगत मांडली, झाडून सारी रयत तिकडे गेली, महाराज अलीकडे हत्तीवर बसले आणि गोलंदाजाने पुसिले, "सलामीची तोफ देऊ?" राणीसाहेब "नको" म्हणाल्या, महाराज "द्या" म्हणाले, आणि तोफ जाहली. मनोरा आधी लवला, जैसा मुजरा करितो, आणि मग खाली बसला तो बसलाच. धूळ उडाली, हत्ती शिंकला, सर्वत्र शांत जाहले, आणि पलीकडून एक आवाज आला, "अहो, इकडे जिलबी नाही आली!" तेव्हा राणीसाहेब ऐशा हसल्या की नथ नाकातून निघाली आणि अंबारीत सापडेना. महाराज संतापाने लाल होऊन ओरडले, "उचला हे सगळे! ज्यास पाहिजे त्याने न्यावे, आमच्या डोळ्यांपुढे एक दगड नको!" मग तैसीच दवंडी पिटली, आणि रयत गाड्या जुंपून आली आणि दगड घरोघर गेले.

पुढे महाराज कोणाशी बोलेनात. काही वर्षे ऐसी गेली, आणि मग त्यांनी आपण होऊन गादी युवराजांस दिली. कारभारी म्हणाले, चाल ती चाल, दगड घरोघर असले तरी घरोघर जाऊन नाव खोडिले पाहिजे. थोरले महाराज म्हणाले, "आम्हीही येतो. आपली पुसापुसी आपल्या डोळ्यांनी पाहू." मग नवे राजे, थोरले महाराज आणि येसबा ऐसे तिघे निघाले, उन्हाने जीव कासावीस म्हणोन पागोटी काढून काखेत घेतली, आणि पहिलेच घर ठकूबाई कोष्टिणीचे. ती न्हाणीत दगडावर नातवास न्हाऊ घालीत होती. राजा कोण आणि पाथरवट कोण हे तिला काही कळेना. "थांबा जरा, लेकराच्या डोळ्यात शिकेकाई जाईल."

थोरल्या महाराजांनी धीर करून पुसिले, "बाई, या दगडावर काय लिहिले आहे?"

"असंल काय तरी. मला कुठं वाचता येतंय? पर पाय घसरत नाही बघा ह्यावर. माझी सून भरल्या दिवसांची होती, रोज हितंच न्हायली, कधी सटकली न्हाई."

"आणि दिला कोणी?"

"राजानं! दुसरं कोण देणार? अवो, एवढा मनोरा बांधला आन गोरगरिबांच्या न्हाणीला दगूड पायजे म्हणून सोताच्या हातानं तोफ लावून पाडला. असा राजा झालाय का कुठं?"

येसबा खोकला. नव्या राजांनी वडिलांकडे पाहिले. महाराज हसू लागले, पोट धरून, डोळे पुसून, इतक्या वर्षांचे साचलेले सगळे हसले, आणि ते ओले पोरही टाळ्या पिटू लागले. हसू सरल्यावर महाराजांनी दगडावरून हात फिरविला. "अक्षरे झिजली की बाई. आता पाय घसरेल."

"तेच म्हंते मी. टाकी आणलीया तर जरा खरबरीत करून द्या."

नवे राजे गहिवरून बोलिले, "आबासाहेब, आम्ही खोडीत नाही. येसबा, नाव होते तैसेच खोल कोर." तेव्हा महाराज म्हणाले, "नाव नको. अक्षरांत मळ साचतो, बाईस घासावे लागते. नुसत्या आडव्या रेघा मार, जवळ जवळ." आणि चांदीच्या मुठीची छिन्नी लेकाकडून मागून घेतली, मांडी घालून बसले, आणि पहिली रेघ आपण मारिली. ती वाकडी आली.

ऐसे वर्तमान जाहले. तेव्हापासून त्या राज्यी नवा राजा बसला म्हणजे घरोघर जाऊन न्हाणीच्या दगडास टाकी लावितो, आणि यासच नामपालट म्हणतात. महाराजांचे नाव सांगतो म्हणालो होतो, ते शोधिले, पुष्कळांस पुसिले, कोणासही ठाऊक नाही. आमच्या न्हाणीतही त्यांचा एक दगड आहे, त्यावर नुसत्या रेघा, त्यात एक वाकडी. आज सकाळी त्यावरच स्नान करून लिहावयास बसलो. म्हातारपण आहे, पाय घसरला नाही.