वरच्या वावरातली माती

पाऊस उघडला की शिवरामभाऊ घमेलं घेऊन माझ्या वावरात येतो आणि माती परत मागतो. वाटीभर साखर मागावी तशी! पायात जाड चपला, माझी तूर तुडवत.

त्याचं वावर जिवतीच्या टेकडीवर, माझं बरोबर त्याच्या पायथ्याशी. पाणी खाली येतं, येताना माती आणतं. यात माझा काय गुन्हा? पण तो बांधावरूनच ओरडतो, "गोटे मले अन् माती तुले? वा रे इन्साफ!"

उताराला तर शिव्याच. "हा उतार लबाड हाय बाई. दिसते गरीब, पण हात चालूच."

त्याच्या बांधावर एक मोठा काळा गोटा आहे. उन्हानं तापून, पावसानं भिजून त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. भाऊ नखानं खरवडून म्हणतो, "माती होऊन राह्यला. माह्या नातवाच्या नातवाले कामी येईन." त्याला मूल ना बाळ. हे मात्र मी रागातही तोंडावर आणलं नाही.

यंदा त्यानं मातीसोबत माझी तुरीची रोपंच उपटली. माझं डोकं फिरलं. घमेलं हिसकलं, तिथंच पालथं केलं.

"माह्या शेणखताची माती हाय हे! तुमची कोणती, नाव लिहून हाय काय तिच्यावर?"

मी भांडणाला कंबर कसून उभी. हा बाबा मटकन खाली बसला.

"पार्वतानं डोक्यावर आणली ना बाई. नाल्यातला गाळ, टोपली टोपली. वर नुसता खडक होता. ती गेली तवा पाय रुते असं वावर होतं. आता खडक दिसून राह्यला."

पार्वता म्हणजे त्याची बायको. मी पाहिलं होतं तिला चढताना. उन्हाळ्यामागून उन्हाळे. "खडकावर पेरतं काय वो?" म्हणून हसलेही होते.

माझा राग गेला, असं समजू नका. रोपं कोण भरून देणार? पण आता पाऊस उघडला की बांधाशी साचलेली माती मीच ओढून ढीग घालून ठेवते. तो भरतो, थांबत थांबत चढतो. मी खालून ओरडते, "तुरीले हात लावू नका!"

"उताराले सांग ना, मले काय सांगतं!"

काल मान वर करून पाहिलं. भाऊ माती पसरून तिच्यावरून तळहात फिरवत होता. माझ्या वावरात थयथय नाचणाऱ्या त्या चपला बांधाच्या बाहेर काढून ठेवलेल्या होत्या.