आधी मारुती, मग मराठवाडा गीत

"येत्या रविवारी सकाळी दहा वाजता अख्खा मराठवाडा माझ्या आवाजावर नाचणार!" शुक्रवारी रात्री जेवताना बद्रीनाथनं जाहीर केलं. त्यावर त्याच्या बायकोनं, आशाबाईनं, एवढंच विचारलं, "भात वाढू का?"

घरात कलेची कदर नसतेच. बद्रीनाथला त्याची सवय होती. पुंडलिकनगरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लहानसं रेडिओ केंद्र आहे, तिथं तो सहा वर्षं रोज सकाळी हवामान वाचत होता. "आकाश अंशतः ढगाळ राहील!" सहा वर्षांत एकाही माणसानं त्याचा आवाज रस्त्यात ओळखला नव्हता. खुद्द सासरे दर दिवाळीला विचारायचे, "जावईबापू, रेडिओत तुम्ही नक्की काय करता?"

आता मात्र सगळ्यांची तोंडं बंद होणार होती! केंद्राचे प्रमुख काकासाहेब यांच्या हातापाया पडून त्यानं रविवारचा एक तास पदरात पाडून घेतला होता. कार्यक्रमाचं नाव 'ताल धरा, मराठवाडा!' फक्त इथलं संगीत, इथला ठेका, आणि लोकांनी घरोघरी रेडिओ लावून नाचायचं. सुरुवातीला बद्रीनाथनं स्वतः रचलेलं तीन मिनिटांचं मराठवाडा गीत. काकासाहेबांनी अट घातली होती, "एकच रविवार देतो. जमलं तर कार्यक्रम कायम. नाही जमलं तर सोमवारपासून पुन्हा ढगाळ!"

गीताला ठेका अस्सल हवा, म्हणून बद्रीनाथ दौलताबादजवळच्या एका वाडीवर गेला. तिथल्या मल्हाररावांचं गजी मंडळ पंचक्रोशीत नावाजलेलं. ढोलाच्या तालावर रिंगण धरून, रुमाल उडवत नाचणारे बारा धनगर गडी! बिरोबाच्या देवळापुढच्या अंगणात तालीम झाली आणि अशी काही रंगली, की बद्रीनाथच्या अंगावर काटा आला. निघताना त्यानं भीत भीत सुचवलं, "बाबा, रेडिओवर नाच दिसत नाय. ढोलवाले दोघं आले तरी भागंल."

"नाचल्याबिगर ढोल?" मल्हारराव म्हणाले. "मंग डबा वाजीवल्यावानी व्हतंय ते! समदे येतो."

रविवारी समदे आले. बारा पागोटी, दोन ढोल आणि गाणं म्हणायला मल्हाररावांची बायको सखूबाई, एवढा ऐवज न्हाणीघरापेक्षा जेमतेम मोठ्या स्टुडिओत मावला. तीन जिने चढून सखूबाईंचे गुडघे पार बोलायला लागले होते. त्या सरळ माइकसमोरच्या एकुलत्या एका खुर्चीत बसल्या. "म्या आता हितनं हलत नाय," त्यांनी सांगून टाकलं. रविवार असल्यानं केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. माइकही बद्रीनाथच सांभाळणार, बटणंही तोच दाबणार, आणि आता उभ्यानं!

दहा वाजले. लाल दिवा लागला. बद्रीनाथनं घसा खाकरला आणि मराठवाड्याच्या सांस्कृतिक वैभवावर तो आठ मिनिटं बोलला. सहा वर्षांचं साचलेलं होतं, काय करणार! शेवटी एकदाचा तो गरजला, "तर ऐका, आपलं मराठवाडा गीत!"

मल्हाररावांनी थाप मारली. ढुम्म! काचा थरथरल्या. आणि लगेच ढोलावर हात ठेवून ते म्हणाले, "पावणं, देऊळ कुठंय?"

"आँ? कशाला?" बद्रीनाथ कुजबुजला.

"नव्या गावात ढोल आणला की आधी देवाची भेट. त्याबिगर दुसरी थाप पडत नाय. आमचा नेम हाय."

वाडीवर देव समोरच होता, त्यामुळं हा नेम बद्रीनाथला कळायचं कारणच नव्हतं! "गल्लीच्या टोकाला मारुती हाय. पण बाबा, लाईव्ह चालूय! भेट नंतर घेऊ!"

"देवाला नंतर?" बारा पागोटी एकदम त्याच्याकडं वळली. मग ती दाराकडं वळली आणि जिना उतरायला लागली.

बद्रीनाथनं हिशेब केला: जायला दोन मिनिटं, यायला दोन. तेवढ्यात ढोलकीची तयार फीत वाजेल. त्यानं घाईघाईत बटण दाबलं आणि तो त्यांच्यामागं धावला. कोणतं बटण दाबलं, ते मात्र पाहिलं नाही.

खाली वेगळंच! तळमजल्यावरच्या द्वारकाबाई ढोल बघताच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. ढोलकऱ्यांच्या पायांवर पाणी, ढोलाला हळदकुंकू. ते पाहून शेजारीण आली. तिचं पाहून तिची जाऊ. दोन मिनिटांच्या वाटेवर प्रत्येक दारात तांब्या!

"अहो मावशी, आवरा! लाईव्ह हाय!" बद्रीनाथ रडकुंडीला आला.

"असू द्या की," द्वारकाबाई म्हणाल्या. "देवाचा ढोल हाय. दमानं जाऊ द्या."

एवढ्यात कडूबाच्या चहाच्या टपरीवरच्या रेडिओतून आवाज आला, "आगं बाने, ऐकतीस व्हय? म्या तुजी भैन सखू बोलतीय, रेडिवातून!"

बद्रीनाथच्या पायांखालची जमीन सरकली. माइक चालू होता!

"चितेगावला आईकू येतंय ना गं? शेरडाला पाला टाकला का? हितं लई गार हाय बघ. समदे गेले देवाला. आन ते रेडिवाचं पोरगं बी गेलं पळत. लई बोलतंय बाई ते! ढोल वाजला एक डाव, आन हे बोललं आठ मिन्टं!"

टपरी खो खो हसली. "एकदम बरोबर बोलली म्हातारी!" कडूबा म्हणाला. "कोण हाय हो ते पोरगं?"

"काय की बुवा," बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

तो वर पळणार, तेवढ्यात मल्हाररावांनी त्याचं मनगट धरलं. "कुठं निघालासा? ढोल तुमी आणला, नारळ तुमीच फोडायचा!" मारुतीपुढं नारळ फुटला, आणि बद्रीनाथच्या हातात रुमाल कोंबून त्याला रिंगणात ओढण्यात आलं. नेमक्या त्याच वेळी बहिणीच्या आठवणीनं सखूबाई रेडिओवर गायला लागल्या:

"दौलताबादच्या गडाखाली माझं कोकरू चरतं,
चितेगावच्या भैनीपाशी मन माघारी फिरतं!"

कडूबानं रेडिओ पार वर केला. ढोलांनी तो सूर झेलला. खिडक्याखिडक्यांत रेडिओ लागले. वर तिसऱ्या मजल्यावर सखूबाई, खाली ढोल, मध्ये सगळं पुंडलिकनगर नाचतंय! आता माइकशेजारचा केंद्राचा फोन वाजायला लागला. सखूबाईंनी तो उचलला, "कोण, बाना?" बाना नव्हती. पैठण रस्त्यावरची कुणी बाई होती, तिलाही गाणं म्हणायचं होतं. "म्हण की माय," सखूबाई म्हणाल्या. तिच्यामागं दुसरी. दुसरीमागं तिसरी.

रेडिओ ऐकून धावत आलेल्या काकासाहेबांची गाडी रिंगणात अडकली, तेव्हा त्यांना समोर दिसला तो कपाळभर भंडारा लावून रुमाल उडवणारा बद्रीनाथ. ते गाडी तिथंच सोडून तडक वर गेले. आता नोकरीही गेली, असं समजून बद्रीनाथ मान खाली घालून त्यांच्यामागं जिना चढला.

वर काकासाहेब स्टुलावर बसून सखूबाईंच्या गाठोड्यातली भाकरी आणि ठेचा खात होते.

"सहा वर्षांत एवढे फोन आले नाहीत!" ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "कार्यक्रम कायम!"

बद्रीनाथची छाती एकदम फुगली. "साहेब, मी म्हणत नव्हतो का! पुढच्या रविवारी माझं गीत आधी घेतो."

"गीत झालं की. बाईंनी म्हटलं ते."

"बरं. मग माझं निवेदन थोडं…"

काकासाहेबांनी खुर्चीकडं पाहिलं. सखूबाई अजून खुर्चीतच होत्या आणि फोनवर कुणाला तरी बाळंतकाढा सांगत होत्या.

त्याला आता चार महिने झाले. 'ताल धरा, मराठवाडा!' दर रविवारी दणक्यात चालतो. घरोघरी माणसं खरंच नाचतात. कार्यक्रमात बद्रीनाथचाही आवाज असतो बरं का! गाऊन गाऊन सखूबाईंच्या घशाला कोरड पडली की त्या म्हणतात, "पोरा, पाणी दे." तेव्हा तो माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन, सहा वर्षांची सगळी कमाई पणाला लावून, खर्जात म्हणतो, "व्हय, आजी!"

परवा गुलमंडीवर भाजी घेताना त्यानं मेथीचा भाव विचारला, तर शेजारचा माणूस चमकून वळला. डोळे बारीक करून त्याच्याकडं बघत राहिला आणि एकदम ओरडला, "अरे! तुमी ते 'व्हय, आजी'वाले ना?"

आता खोटं कशाला बोला, बद्रीनाथनं त्याला वहीवर सही दिली.