वाळल्या पानांची झोपडी आणि शेटांचं मौन

"या घरात शांतता म्हणून नाही!" घोडेगावच्या रूपचंद शेटांनी १९०७ सालच्या फाल्गुनात जाहीर केलं. "रानात झोपडी बांधतो आणि तीन दिवस मौन पाळतो!" घरात गलका एकट्या शेटांचाच असे, ही गोष्ट वेगळी!

प्यारीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, फिसकन हसल्या. "तुम्ही? झोपेतसुद्धा बडबडता!"

"तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत एक शब्द निघाला, तर तपकीर जन्मभर बंद!"

तपकिरीवर शेटांचा बायकोपेक्षा अंमळ जास्तच जीव. तरी ऐटीत म्हणाले, डबीसुद्धा घरीच ठेवून जाणार!

झोपडीचं काम रानालगतच्या वाडीतल्या भिमाजीकडे. शेट पडले जैन, त्यामुळे अट एकच, हिरवं पान तोडायचं नाही, जीवहत्या होते! मग काय, अख्खी वाडी आठ दिवस गळालेली पानं नि वाळल्या काटक्या वेचत हिंडली. पण हात लागले की मनही लागतं. वाडीतल्या ठकूबाईने कुडाच्या भिंतीवर चुन्याचे मोर काढले, कुणी दाराला शेंगांचं तोरण बांधलं. झोपडी इतकी देखणी झाली, की लोक ती बघायला जत्रेसारखे लोटले. शेटांचा एकांत बघा! आणि जगभरचं बोलणाऱ्या या गृहस्थाने मौनाचं मात्र वाडीत कुणाला सांगितलंच नव्हतं!

शेट झोपडीत राहायला आले ते पांढरं धोतर, अनवाणी पाय, तोंडात शब्द नाही. भिमाजीने ठरवूनच टाकलं. "आरं, शेट दीक्षा घ्यायला निघालं! आता घरी जात न्हाई त्ये!"

शेटांनी घाबरून दोन्ही हात हलवले.

"लई गुणाचं! आशीर्वाद बी द्याया लागलं!" म्हणत ठकूबाईने पदर पसरला.

भिमाजीने धावत जाऊन प्यारीबाईंना वर्दी दिली. त्या नवऱ्याला पुरत्या ओळखून होत्या. दीक्षेला निघालेला माणूस आधी आपल्या वस्तू वाटून टाकतो, ही रीत त्यांना बरोबर आठवली. तिसऱ्या दिवशी दिवस मावळतीला लागताना गाडी भरून बाई रानात हजर!

"घ्या भिमाजी, ही जरीची पगडी!" त्याने तिथल्या तिथे घातली. शेटांनी डोळे वटारले. रेशमी उपरणं ठकूबाईला गेलं. शेटांनी ओठ चावला. कापसाची गादी गेली, तरी गप्प! सूर्य डोंगराला टेकला होता. घटकाभर कळ काढली असती तर जिंकले होते.

प्यारीबाईंनी कमरेची चांदीची डबी काढली. "आणि ही तपकीर..."

"तिला हात लावू नकोस!" शेट असे किंचाळले, की गाडीचे बैल उधळले.

प्यारीबाईंनी डबी शांतपणे परत कमरेला खोचली.

"नाही लावत. आता तुम्हीही लावू नका."